डार्विनचा पुरस्कार आणि आपला तारपा

ऑस्ट्रेलियाच्या पार उत्तरेला, डार्विनमध्ये, दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास तिथल्या आदिवासी कलाकारांचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर होतो. १९८४ पासून चालू आहे. १९९२ पासून टेलस्ट्रा ही फोन कंपनी पैसे घालते. पहिलं बक्षीस आज एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे आपले पन्नास लाखांच्या वर. निवडलेली कामं पुढे काही महिने तिथल्या सरकारी संग्रहालयात मांडलेली असतात. मी गेली काही वर्षं हे निकाल न चुकता बघते आणि दर वर्षी माझी चिडचिड होते. त्यांच्यावर नाही, आपल्यावर.

२०२५ चं पहिलं बक्षीस गायपलानी वनंबी या योलंगू समाजातल्या बाईंना मिळालं. काम कशावर केलंय? रस्त्याकडेच्या टाकून दिलेल्या पाट्यांवर! त्या धातूवर कोरून झाडाचा मोहोर, मध आणि मध हुडकत फिरणारा त्यांचा पूर्वज वुयाल यांची गोष्ट काढलीय. बारीक, दाट कोरीवकाम, उजेड पडला की चमकतं. आणि पाठीमागे जाऊन बघितलं तर मूळच्या रस्त्याच्या पाट्या तशाच.

हे एका रात्रीत झालेलं नाही. योलंगू ज्येष्ठांचा नियम असा की जमिनीचं चित्र काढायचं तर जमिनीतल्याच वस्तू वापरायच्या. म्हणून झाडाची साल, म्हणून मातीचे रंग. मग गुन्यबी गनंबार या कलाकाराने विचारलं की खाणवाल्यांनी टाकलेला रबरी पट्टा, पत्रे, हेही आता आमच्याच जमिनीवर पडलेत, ते का नाही चालणार? ज्येष्ठांनी विचार केला आणि हो म्हणाले. २०१८ मध्ये त्याच गनंबारला ॲल्युमिनियमवरच्या कामासाठी पहिलं बक्षीस मिळालं. नियम घरच्या म्हाताऱ्यांनी घातलेला, सैलही त्यांनीच केला. कुठल्या क्युरेटरबाईंना किंवा मंत्रालयातल्या साहेबांना विचारायला गेले नाहीत.

आता आपल्याकडे या.

ठाण्यातल्या एका हस्तकला मेळाव्यात डहाणूकडचा एक वारली मुलगा बसला होता. बावीस-तेवीसचा असेल. पुढ्यात नेहमीचा माल: तारपा नाच (तारपा म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य), लग्नाचा चौक, किटल्या, ट्रे, पेन ठेवायचे डबे. मागे, खुर्चीला टेकवून, एक मोठं चित्र. भाताची खाचरं, त्यावरून गेलेले हायटेन्शनचे मनोरे, मनोऱ्यांच्या पायाशी मोजणीवाले फीत धरून उभे, आणि एका कोपऱ्यात झाडाखाली बसून हे सगळं बघणारी म्हातारी. गेरूवर पांढरं, रेघ अशी बारीक की नाक लावून बघावं. एक काकू आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हे कशाला रे काढलंस? तारपा नाहीये का यात? ऑथेंटिक नाही वाटत." त्याने मुकाट्याने तारप्याचा ट्रे पुढे केला. तो खपला. दीडशे रुपये कमी करून.

काकूंना तरी काय बोलणार? सरकारच तसं वागतं. वारली चित्रांना राष्ट्रीय पुरस्कार मिळतो तो हस्तशिल्प म्हणून, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या खात्यातून. आणि शहरातल्या आर्ट स्कूलमधून निघालेला चित्रकार जातो ललित कला अकादमीकडे, जी संस्कृती मंत्रालयाखाली येते. म्हणजे एकाचं काम कला आणि दुसऱ्याचं काम साड्या-गालिच्यांच्या शेजारी. हस्तशिल्पाला मी कमी लेखत नाहीये, पण तिथे परंपरा किती नीट सांभाळलीय याला मोठं वजन. मनोरे काढणाऱ्या पोराने अर्ज कुठे करायचा?

बरं, आपल्याला हे कुणी दाखवलंच नाही असंही नाही. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र उघडलं तेव्हा चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी आदिवासी कलाकारांची कामं आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीने मांडली. गोंड चित्रकार जनगड सिंह श्याम तिथूनच पुढे आले. १९८९ मध्ये पॅरिसच्या एका गाजलेल्या प्रदर्शनात जनगड होते, आपले गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे होते आणि ऑस्ट्रेलियातल्या युएंडुमूचे आदिवासी कलाकारही होते. एकाच प्रदर्शनात, एकाच मानाने. म्हसेंना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. आणि वारली आपण कुठे नेऊन ठेवली, तर हॉटेलांच्या भिंतींवर, उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि कुर्त्यांवर. काढणारा वारली आहे का, हेही कुणी विचारत नाही.

"आदिवासींना वेगळा पुरस्कार म्हणजे वेगळी पंगत" असं एका मित्राचं म्हणणं. मुद्दा चुकीचा नाही. पण डार्विनची पंगत बघा. २००५ मध्ये वाळवंटातल्या बायकांनी गवताची अख्खी टोयोटा गाडी विणली, खऱ्या गाडीएवढी, आणि पहिलं बक्षीस नेलं. २००३ मध्ये रिचर्ड बेल या आदिवासी चित्रकाराने कॅनव्हासवर मोठ्या अक्षरांत लिहिलं की ॲबोरिजिनल आर्ट ही गोऱ्यांची भानगड आहे. म्हणजे ज्यांनी बोलावलं त्यांच्याच तोंडावर! त्यालाही पहिलं बक्षीस. अशी पंगत असेल तर मी वाढायला येते.

तिथलं सगळं गोडगोड नाहीच. याच टेलस्ट्राला २०२१ मध्ये कोर्टाने पाच कोटी डॉलरचा दंड ठोठावला. शंभरावर आदिवासी ग्राहकांच्या गळ्यात त्यांना न झेपणारे मोबाइल प्लॅन मारले होते म्हणून. एका हाताने बक्षीस, दुसऱ्या हाताने बिल. पुरस्कार मात्र त्याच नावाने चालू राहिला, कारण एवढे पैसे दुसरं कोण देणार? आपल्याकडे उद्या एखाद्या बंदरवाल्याने किंवा सिमेंटवाल्याने असा पुरस्कार काढला तर मनोऱ्यांचं चित्र निवडलं जाईल का, हा प्रश्न मला आत्ताच पडलाय.

तरी कुणाच्या मनात आलंच, तर चार गोष्टी सांगून ठेवते. मुंबईत भरवू नका. डार्विन सिडनीपासून तीन हजार किलोमीटरवर आहे, चित्रं विकत घेणारे विमानाने जातात. आपल्याला जव्हारपर्यंत गाडीने जायला काही होत नाही. परीक्षकांत वारली, गोंड, भिल्ल, कोकणा माणसं बसवा, आणि दीपप्रज्वलनापुरती नकोत. बक्षिसाची रक्कम अशी ठेवा की वर्षभर ट्रे रंगवायला लागू नयेत. आणि कृपा करून विषय देऊ नका. पाणी वाचवा नको, बेटी बचाओ नको, आणि "आपली गौरवशाली परंपरा" तर मुळीच नको.