लाईट गेली आणि आत्याच्या ओव्याही गेल्या

एक तास बावन्न मिनिटं! शहाऐंशी वर्षांच्या बाईनं एक तास बावन्न मिनिटं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, आणि मिनीडिस्क डेकच्या, म्हणजे छोट्या चकतीवर आवाज रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर काय येतंय? 'ब्लँक डिस्क'. परवापासून जेवण गोड लागत नाही मला.

स्टॉप दाबलं होतं. कोपऱ्यात 'टीओसी' पेटलेलं, म्हणजे डिस्कची अनुक्रमणिका लिहायची बाकी. आता इजेक्ट दाबायचं, डेक थोडा वेळ घरघरणार, ती डिस्कवर लिहिणार, की सुटलो. बोट बटणावर होतं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब रे, अजून एक आठवतीया." थांबलो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आठवत बसली आणि फट्! अख्ख्या विश्रामबागेत अंधार. पाऊस नाही, वारा नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. फोन लावला तर "फॉल्ट आहे, माणूस गेलाय." दर वेळी हेच उत्तर!

आणि तो वायरमन! हॉलमधला पॉइंट इन्व्हर्टरवर घ्या म्हणून तीनदा सांगितलं होतं. "लाईट गेल्यावर कशाला पायजे ओ तिथं?" म्हणत पंखा आणि ट्यूब जोडून गेला. पैसे मात्र मोजून घेतले.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? आवाज डिस्कवर आहे! लेझरनं तापवून चुंबकानं उमटवलेली एकूण एक ओवी त्या चकतीवर आहे. फक्त कुठून कुठवर, एवढीच नोंद मेमरीत होती, ती करंटबरोबर गेली. मोनोवर, म्हणजे एकाच चॅनलवर, लावलं की ७४ मिनिटांच्या डिस्कवर १४८ मिनिटं बसतात, म्हणून मध्ये डिस्क बदलून तिची लय तोडायची नाही असं ठरवलं होतं. तुकड्यातुकड्यानं केलं असतं तर निम्मं तरी वाचलं असतं.

"मोबाईलवर करायचं की!" बास, हे मला परत कुणी म्हणायचं नाही. केलं होतं गेल्या दिवाळीत. ऐन रंगात आली असताना कर्जवाल्या बाईचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तुटलं. आत्या त्या दिवशी परत म्हणालीच नाही. दुरुस्तीवाला तर डेक न उघडताच म्हणाला, "भंगारात घाला." इकडे सोनीनंही २०२५च्या फेब्रुवारीत कोऱ्या डिस्क बनवणं थांबवलं. माझ्याकडे चारच उरल्यात.

काल सकाळी आत्या म्हणाली, "परत म्हणीन की." बसली. माझ्या वडिलांवर तिनं स्वतः रचलेली एक ओवी होती, भाऊ बैलगाडीनं न्यायला आला त्याची. दुसऱ्या ओळीशी अडकली ती. दोनदा, तीनदा. मग डोळे पुसले आणि आत गेली.

त्याच लांबीच्या दुसऱ्या डिस्कची टीओसी हिच्यावर चढवता येते, मग आवाज परत सापडू शकतो. त्याला डेकच्या सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीवाल्यांसाठीच्या सेटिंगमध्ये, शिरावं लागतं. शिकेन. तोवर तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून डिस्कची टॅब सरकवून कपाटात कुलूप लावून ठेवलीय. घरातल्या कुणीही तिला हात लावायचा नाही.