विहिरीत द्रावण ओतल्याने भूजल शुद्ध होत नाही

नागपुरातील अनेक लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. विहिरीत किंवा बोअरमध्ये जिवाणूंचे द्रावण ओता, भोवती सूर्यफूल व कर्दळ लावा, गच्चीवरचे पाणी बोअरमध्ये सोडा, म्हणजे पंचेचाळीस दिवसांत माती आणि पाणी दोन्ही शुद्ध होतील; अणुदुर्घटना झालेल्या चेर्नोबिलला हेच केले, आपल्या ‘नीरी’नेही (नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) हेच सिद्ध केले, आणि खात्री करायची असेल तर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारे टीडीएस मीटर लावून पाहा, असे त्यात म्हटले आहे. ओळखीच्या एका काकूंनी हे द्रावण ओतून, कित्येक वर्षे केवळ धुण्याभांड्यासाठी ठेवलेले विहिरीचे पाणी पुन्हा स्वयंपाकाला घेतले, हे कळल्यावर या संदेशातील एकेक दावा तपासणे मला आवश्यक वाटले.

पहिला दावा असा की जिवाणू सर्व प्रकारचे विष खाऊन टाकतात. डिझेल, पेट्रोल किंवा तेलकट गाळ यांच्या बाबतीत यात तथ्य आहे, कारण ते कार्बनी पदार्थ आहेत आणि जिवाणू त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत विघटन करू शकतात. ‘टेरी’ या ऊर्जा व पर्यावरण संशोधन संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ हे तेल खाणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण याच तत्त्वावर चालते. मात्र तेथेही माती खालीवर करून प्राणवायू पुरवावा लागतो, ओलावा व पोषकद्रव्ये राखावी लागतात. 1989 मध्ये ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडले तेव्हाही जिवाणूंवर आधारलेला मुख्य उपाय तेथे आधीपासून असलेल्या जिवाणूंना नत्र-स्फुरदाचे खत पुरवण्याचा होता. बाटलीतून नवे जिवाणू आणण्याचा नव्हता.

शिसे, आर्सेनिक, क्रोमियम ही मात्र मूलद्रव्ये आहेत, आणि कोणताही जिवाणू मूलद्रव्य नष्ट करू शकत नाही. फार तर त्याचे रूप पालटते. पाण्यात सहज विरघळणाऱ्या, विषारी षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी क्रोमियम झाले, तर ते कमी विषारी ठरते आणि बहुतांशी मातीला धरून राहते. हा उपाय खरा आणि उपयोगी आहे, पण क्रोमियम जमिनीतच असते आणि त्यावर लक्ष ठेवावे लागते. उलट, यंत्रांच्या भागांवरचे ग्रीस काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोइथिलीनचे विघटन योग्य जिवाणूंअभावी अर्धवट थांबले, तर मागे व्हिनाइल क्लोराइड उरते, जे मूळ द्रव्याहून अधिक घातक आणि कर्करोगकारक आहे. म्हणून जमिनीत नेमके काय मुरले आहे हे ठाऊक नसताना काहीही ओतणे निरुपद्रवी आहे, असे मानता येत नाही.

चेर्नोबिलची गोष्ट अर्धी सांगितली जाते. तेथे सूर्यफुलाची रोपे तराफ्यांवर ठेवून त्यांची मुळे लहान तलावांच्या पाण्यात सोडली होती, आणि त्या मुळांनी किरणोत्सारी सीझियम व स्ट्रॉन्शियम शोषून घेतले. पाणी मुळांपर्यंत आले होते, हे येथे महत्त्वाचे आहे. आपल्या बोअरचे पाणी शेकडो फूट खोल असते. अंगणातील सूर्यफुलाची मुळे तेथे पोहोचणे शक्य नाही. शिवाय वनस्पतीने शोषलेला धातू वनस्पतीतच राहतो. ती कापून सुरक्षितपणे विल्हेवाटीस न पाठवता शेणखताच्या खड्ड्यात टाकली, तर धातू पुन्हा मातीतच परततो.

‘नीरी’चा उल्लेख नागपूरकरांना साहजिकच विश्वासार्ह वाटतो, म्हणून त्याविषयी नेमकेपणाने सांगितले पाहिजे. कर्दळीसारख्या वनस्पतींचा वापर करणारे या संस्थेचे ‘फायटोरिड’ तंत्रज्ञान सांडपाण्यासाठी आहे: खडी भरलेल्या, बांधीव टाकीतून सांडपाणी संथपणे जाते आणि मुळांच्या व खडीच्या आधाराने वाढलेले सूक्ष्मजीव त्यातील सेंद्रिय घाण कमी करतात. त्याचा विहिरीच्या तळाशी संबंध नाही. दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीचे. तेथील उजाड ढिगाऱ्यांवर ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यांतील मळी-गाळासारखा सेंद्रिय पदार्थ व जिवाणू खते वापरून झाडे वाढवली. हे काम मला अभिमानास्पद वाटते. पण त्यातून ढिगारे झाकले जाऊन स्थिरावले आणि माती घडू लागली, तीही वर्षानुवर्षांच्या जोपासनेने. पंचेचाळीस दिवसांत भूजल शुद्ध होते, असा त्याचा अर्थ कोणीही काढू नये.

गच्चीचे पाणी बोअरमध्ये सोडले की प्रदूषण वाहून जाते, हा दावा नागपूरच्या जमिनीकडे पाहिले तर सर्वांत कमकुवत ठरतो. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट आहे, पूर्वेला जुने ग्नाइस खडक. पाणी त्यांच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरते, त्यामुळे शेजारच्या दोन बोअरचे पाणीही अगदी वेगळे असू शकते. वरची काळी माती उन्हाळ्यात खोल भेगाळते, आणि पहिल्या पावसात उकिरड्याचा निचरा त्या भेगांतून थेट खाली जातो. पुढे माती फुगून भेगा मिटतात आणि चिकणमातीच्या कणांत अडकलेले द्रव्य पुढे कित्येक वर्षे थोडेथोडे पाझरत राहते. पाणी उपसून, शुद्ध करून परत सोडण्याची पद्धतही याच कारणाने लांबते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1994 मध्ये अशा 77 जागा तपासल्या, तेव्हा 69 ठिकाणी उद्दिष्ट गाठलेले नव्हते. स्वच्छ पावसाचे पुनर्भरण योग्यच आहे, परंतु प्रदूषणाचा उगम चालू असताना त्याने पाणी केवळ पातळ होते, आणि दूषित द्रव्य शेजारच्या विहिरीकडे ढकलले जाण्याची शक्यताही असते.

कमी खर्चाचे उपाय नाहीत असे नाही. भूजलाच्या वाटेत चर खणून त्यात लोखंडाचा कीस भरायचा आणि पाणी आपल्या उताराने त्यातून जाऊ द्यायचे, ही पद्धत 1996 मध्ये उत्तर कॅरोलायनातील एलिझाबेथ सिटी येथे क्रोमियम व ट्रायक्लोरोइथिलीन या दोन्हींसाठी वापरली गेली. पण तो चर कोठे खणायचा हे ठरवण्याआधी निरीक्षण विहिरी घेऊन प्रवाहाची दिशा शोधावी लागली.

टीडीएस मीटरची खात्री तर खात्रीच नव्हे. ते पाण्याची विद्युतवाहकता मोजते. एकूण क्रोमियमची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे. मीटरवरच्या शेकडोंच्या आकड्यात एवढ्याशा क्रोमियमचा फरक दिसणार नाही, आणि पेट्रोल किंवा कीटकनाशक त्या मीटरला मुळीच कळत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण सांडपाण्यातून व खतांतून येणारे नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते. नमुना देताना विहिरीजवळ काय आहे, म्हणजे सेप्टिक टँक, पेट्रोल पंप, कारखाना की कचऱ्याचा ढीग, हे लिहून द्यावे, कारण नेहमीच्या तपासणीत जड धातू असतीलच असे नाही, ते वेगळे मागावे लागतात. काकूंनी आता तसा नमुना दिला आहे, आणि अहवाल येईपर्यंत स्वयंपाकाला नळाचेच पाणी घेत आहेत.