ॲपवर नंबर जुळला, मग चेसिस कशाला घासायची?

नमस्कार. जुनी मारुती जिप्सी घेताना चेसिसचा, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचा, आणि इंजिनचा नंबर स्वतः वाचा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की आरसी आणि सरकारी एम-परिवहन ॲपवरचा नंबर जुळला की विषय संपला, उगाच नवख्यांना घाबरवू नका. आणि मूळ इंजिनच हवं असेल तर जिप्सी घेऊच नका.

आरसी आणि ॲप जुळणारच हो! दोन्हीकडे आरटीओचीच नोंद. समोर उभी आहे ती गाडी तीच, हे त्यातून कुठे कळलं? जिप्सीची बॉडी वेगळी आणि चेसिस वेगळी, त्यामुळे एकीचा सांगाडा दुसरीच्या अंगाखाली सहज जातो. बॉनेटखालच्या नंबराच्या प्लेटवर माझा फारसा भरवसा नाही, रिव्हेट उडवली की ती निघते. चेसिसच्या लोखंडात ठोकलेला नंबर बघायचा. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चिखल पुसा, पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. ग्राइंडर अजिबात लावू नका, चांगला नंबरही खाडाखोड केल्यासारखा दिसू लागतो. मग अक्षरांची ओळ, खोली आणि अंतर बघा. आजूबाजूला वेल्डिंगची रेघ, किंवा तेवढ्याच वीतभर जागेवर ताजा काळा रंग दिसला तर विचारा. कोकणातल्या गाड्यांत गंजाने नंबर पुसट होतो, तो दोष नव्हे. परवानगीने पुन्हा पंच केला असेल तर त्याची नोंद दाखवायला सांगा. आणि नेटवरच्या व्हिन डिकोडरच्या, म्हणजे चेसिस नंबरावरून गाडीची माहिती सांगणाऱ्या साइटच्या, नादी लागू नका. ऐंशीच्या दशकातल्या जिप्सीला १७ अक्षरी नंबर नसतोच.

इंजिनबद्दल मात्र आपलं भांडण नाही. १९८५ साली जिप्सी आली ती ९७० सीसीच्या एफ१०ए इंजिनावर, १३०० सीसीचं जी१३ आलं १९९६ मध्ये जिप्सी किंगसोबत. १९९० च्या गाडीत जी१३ने सुरू होणारा नंबर दिसला की इंजिन नंतर बसवलंय हे उघड. बसवू दे की, घाटात बरंच पडतं! पण आरसीवर अजून जुनाच इंजिन नंबर असेल तर पासिंगला आणि विम्याच्या क्लेमला अडकणार तुम्ही, विकणारा नाही.

कधीकधी जुन्या आरसी पुस्तकातून नंबर संगणकात चढवताना ८ चा बी झालेला असतो. त्यात लबाडी नसते, पण दुरुस्ती आधीच्या मालकाच्या नावावर असतानाच करून घ्या. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर.