चाहत्यांच्या मंडळात निवडणूक नको? का नको, ते तरी नीट सांगा

गेले काही आठवडे एक मेसेज सोलापुरातल्या फुटबॉलवाल्यांच्या मोबाइलवर फिरतोय. मजकूर लांबलचक आहे, सार थोडक्यात असं : चाहत्यांच्या मंडळात निवडणूक आणली की राजकारण शिरतं आणि मंडळ फुटतं. परदेशातही चाहत्यांच्या संघटना अशा चालत नाहीत. ज्यांनी मंडळ उभं केलं त्यांनीच ते चालवावं. एकमतानं निवड हीच आपली रीत. निवडणूक लावली तर ऐनवेळी भाडोत्री सभासद भरले जातात. आणि एवढ्याशा मंडळाला हा खर्च हवाय कशाला? खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘पुढे पाठवा’ची विनंती.

मी अशाच एका मंडळाचा वर्गणी भरणारा सभासद आहे. ज्या क्लबच्या मॅच आम्ही एकत्र बसून पडद्यावर बघतो, तो इंग्लंडातला. कुठला ते सांगत नाही, नाहीतर मुद्दा राहील बाजूला आणि पॉइंट टेबल निघेल. आमच्याकडे यंदा निवडणुकीची मागणी झाली आणि त्याच आठवड्यात हा मेसेज आला. योगायोग असेल. मेसेजमधले मुद्दे मात्र तपासून घेऊ. क्रम माझा.

‘परदेशात असं चालत नाही.’

हे सरळसरळ खोटं आहे. १९९२ साली इंग्लंडमधला नॉर्थॅम्प्टन टाउन क्लब कर्जात बुडाला होता. चाहत्यांनी ट्रस्ट, म्हणजे सभासदांची संस्था, काढला, पैसे गोळा केले, क्लबचे शेअर घेतले आणि आपला निवडून दिलेला माणूस क्लबच्या संचालक मंडळावर बसवला. तिथून ही पद्धत पसरली. २००० साली असे ट्रस्ट उभे करायला मदत करणारी ‘सपोर्टर्स डायरेक्ट’ ही संस्था निघाली. नियम सगळीकडे तोच : एक सभासद, एक मत. वर्गणीपेक्षा जास्त पैसे दिले म्हणून मत वाढत नाही. असे बहुतेक ट्रस्ट तिथे ज्या कायद्याखाली नोंदतात, त्याच कायद्यात सहकारी संस्थाही येतात. विणकर सोसायट्या आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे तत्त्व नव्यानं समजावून सांगावं लागू नये.

लंडनमधल्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं उदाहरण तर फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. २००२ मध्ये तो क्लब उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात न्यायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला आणि इंग्लंडातल्या स्पर्धांच्या नवव्या पायरीवरून सुरुवात केली. २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या पायरीवर, पोचले आणि २०२० मध्ये प्लाउ लेनला, म्हणजे आपल्या मूळ वस्तीत, नव्या मैदानावर परतले. क्लबची मालकी ‘डॉन्स ट्रस्ट’कडे आणि ट्रस्टचं मंडळ सभासदांच्या मतांवर निवडलं जातं.

जर्मनीत १९९८ पासून ५०+१चा नियम आहे. काही अपवाद सोडले तर क्लबातली बहुमताची मतं सभासदांच्या हातातच राहतात. बर्लिनच्या हर्था क्लबात २०२२ मध्ये ‘काय बर्नस्टाइन’ नावाचा माणूस अध्यक्ष म्हणून निवडून आला. हा मूळचा अल्ट्रा, म्हणजे कट्टर चाहता, गॅलरीसमोर उभा राहून घोषणा द्यायला लावणारा. त्यानं हरवलं एका माजी खासदाराला. आपल्याकडे कोलकात्यातही मोहन बागान आणि ईस्ट बंगालची कार्यकारिणी सभासदांच्या निवडणुकीतून ठरते. तेव्हा ‘परदेशात असं चालत नाही’ हे वाक्य मेसेजमधून काढून टाकावं.

‘निवडणूक म्हणजे राजकारण आणि फूट.’

राजकारण आत्ता नाही का? आमच्याच मंडळात आज चार व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत आणि त्यातले दोन उरलेल्या दोघांबद्दल बोलायला काढलेत. हे एकही मत पडण्याआधी झालंय.

निवडणूक न झाल्यानं काय होतं ते बघायला इंग्लंडला जायची गरज नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. घटनेचा वाद सुप्रीम कोर्टात होता, त्यामुळे निवडणूक लांबली आणि जुनीच मंडळी खुर्चीवर राहिली. मे २०२२ मध्ये कोर्टानं त्यांना हटवून प्रशासकीय समिती नेमली. १५ ऑगस्ट २०२२ला फिफानं बाहेरच्यांचा हस्तक्षेप होतोय म्हणून भारताला निलंबित केलं. भोगलं कुणी? गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचल्या होत्या, त्यांना न खेळता परत यावं लागलं. ऑक्टोबरमध्ये भारतात होणारा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक टांगणीला लागला. निलंबन २६ ऑगस्टला उठलं आणि २ सप्टेंबरला निवडणूक झाली.

त्या निवडणुकीचा निकालही सांगतो, कारण तो माझ्या बाजूचा नाही. कल्याण चौबे ३३, बायचुंग भुतिया १. देशाचा सगळ्यात नावाजलेला फुटबॉलपटू एका मतावर थांबला, कारण मतं राज्य संघटनांची होती, खेळाडूंची नव्हती. निवडणूक घेतली म्हणजे मनासारखा माणूस येतो असं नाही, आणि मतदारयादीत कोण आहे यावर अर्धा निकाल आधीच ठरतो. आमचं भांडणही खरं तिथेच आहे. आज आमच्याकडे सभासदांची यादीच नाही. कोण सभासद आणि कोण नुसता मॅच बघायला येणारा, हे एका माणसाच्या डोक्यात आहे.

निवडणुकीनं भांडणं मिटतात असा दावा मीही करणार नाही. ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड विकत घेतला, त्याच्या निषेधात २००५ मध्ये चाहत्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला. पहिल्यापासून एक सभासद, एक मत. क्लबचं नावसुद्धा मतदानानं ठरलं. तरी २०१६ मध्ये तिथे एवढं वाजलं की संचालकांचे राजीनामे पडले. पण भांडलेल्यांना मंडळ बदलायला एक दार होतं. नवे लोक निवडून आले आणि क्लब आजही खेळतोय. आपल्याकडे नाराज माणसाला दारच नसतं, म्हणून तो चार पोरं घेऊन बाहेर पडतो आणि नवं मंडळ काढतो. सोलापुरात एकेका क्लबची दोन-दोन मंडळं उगाच नाहीत.

‘ज्यांनी उभं केलं त्यांनीच चालवावं.’

उभं करणाऱ्यांचा मान आहे, राहील. पहाटेपर्यंत चालणाऱ्या चॅम्पियन्स लीगच्या मॅचसाठी हॉलवाल्याच्या विनवण्या करायच्या, शेजारच्यांच्या शिव्या खायच्या, प्रोजेक्टर स्कूटरवर मांडीत धरून आणायचा, हे ज्यांनी केलं त्यांना कुणी हलक्यात घेत नाही.

पण स्क्रीनिंगच्या रात्री दारावर चिकटवलेला क्यूआर कोड बघा. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, कडेनं चिकटपट्टी. स्कॅन केला की मंडळाचं नाव येत नाही, एका माणसाचं येतं. त्या खात्यात आमची वर्गणी जाते, जर्सीचे आगाऊ पैसे जातात आणि त्याच खात्यातून त्याचं घरचं लाइटबिल भरलं जातं. मी चोरीचा आरोप करत नाही. उलट त्याच्याच गळ्याला फास आहे तो. उद्या आयकराची नोटीस आली किंवा कुणी हिशोबावरून बोट दाखवलं, तर तो दाखवणार काय?

मंडळाच्या नावानं खातं उघडायचं तर नोंदणी लागते आणि ती काही डोंगराएवढी गोष्ट नाही. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं पुरतात. महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते, तिचं काम धर्मादाय कार्यालयात. त्यानंतर कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. तिथे विचारतात सभेची नोटीस कधी काढली, किती हजर होते, ठराव कसा झाला. ‘सगळ्यांनी ठरवलं’ एवढ्यावर तिथे भागत नाही. इतिवृत्त नसलेल्या संस्थांचे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं वादात पडून राहतात, हे कुठल्याही वकिलाला विचारा. उभं करणाऱ्यांना जपायचं असेल तर त्यांच्या नावावरचं ओझं आधी उतरवा. सल्लागार म्हणून कायमची जागा ठेवा, घटनेत नाव लिहा. सही करायचा अधिकार मात्र निवडलेल्याचा.

‘एकमतानं निवड हीच आपली रीत.’

मेसेजमधला हा सगळ्यात गोड मुद्दा, म्हणून याच्यावर जरा थांबतो.

एकमत कसं होतं ते आम्ही दरवर्षी बघतो. सभा मॅचच्या आधी अर्धा तास. निम्म्यांचं लक्ष मोबाइलवर, टीम नुकतीच जाहीर झालेली असते. कुणीतरी उठून म्हणतं, ‘अध्यक्ष म्हणून दादाच राहू देत की, कुणाची हरकत?’ हरकत असणारा मागच्या खुर्चीत असतो. दादा समोर बसलेत. पुढच्या स्क्रीनिंगला सोफ्यावर कोण आणि सतरंजीवर कोण, हे दादा ठरवतात. कोण बोलणार बे? टाळ्या पडतात, झालं एकमत. त्या खोलीत किती जणांचं खरंच मत होतं, हे दादांनाही कळत नाही. चांगलं काम केलेल्या माणसावर हा अन्यायच आहे. गुप्त मतदानात शंभरातली सत्तर मतं मिळवण्यापेक्षा टाळ्यांवर खुर्चीत बसण्यात त्याचाच मान कमी होतो.

बिनविरोधची गंमत मोठ्या ठिकाणीही चालते. रेआल माद्रिद सभासदांच्या मालकीचा क्लब, तिथे अध्यक्ष निवडणुकीनंच होतो. पण उमेदवार व्हायला सभासदत्व वीस वर्षांचं हवं आणि क्लबच्या बजेटच्या पंधरा टक्के रकमेची बँक हमी हवी. फ्लोरेंतिनो पेरेझ २००९ ला बिनविरोध आले आणि २०१३, २०१७, २०२१, २०२५ लाही तसेच. त्यांचं काम मोठं आहे, युरोपचे कप बोलतात. तरी अटी एवढ्या उंच बांधल्या की समोर कुणी उभंच राहत नाही, हे दिसतंच. आपल्या मेसेजवाल्यांना बँक हमीची गरज नाही, त्यांचं काम ‘दादाच राहू देत’वर भागतं.

आणि रीतच काढायची तर सोलापूरची पूर्ण रीत काढा. गणपतीत, शिवजयंतीत बहुतेक मंडळांचा उत्सव अध्यक्ष दरसाल बदलतो. गेल्या वर्षीचा अध्यक्ष यंदा लेझीमच्या रांगेत असतो आणि त्याला कमीपणा वाटत नाही. त्या रीतीतलं ‘एकमत’ तेवढं घ्यायचं आणि ‘दरसाल नवा’ सोडून द्यायचं, हे कसं चालेल?

‘भाडोत्री सभासद भरतील.’

हा मुद्दा खरा आहे. सहकारी संस्थांत बोगस सभासदांवरून काय काय झालंय ते आपण पाहिलंय आणि चाहत्यांचं मंडळ देवमाणसांनी भरलेलं नाही. पण यावर इलाज जुना आहे. स्पेनच्या बार्सिलोना क्लबात मत द्यायला किमान एक वर्ष सभासद असावं लागतं. आपणही तारीख ठरवू : मतदानाआधी सहा महिने ज्याची वर्गणी खात्यात जमा आहे, तोच मतदार. यादी महिनाभर आधी सगळ्यांना पाठवायची, हरकती घ्यायच्या.

बार्सिलोनाकडून आणखी एक घेण्यासारखं आहे. २०२० मध्ये अध्यक्ष बार्तोमेउ यांच्याविरुद्ध अविश्वासासाठी साडेसोळा हजारांच्या आसपास सह्या लागत होत्या, वीस हजारांहून जास्त जमल्या. मतदानापर्यंत न थांबता त्यांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला. मार्च २०२१च्या निवडणुकीत ५५ हजारांवर सभासदांनी मत दिलं. कोविडमुळे टपालानंही मत देता आलं. आमचे निम्मे सभासद पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीला आहेत, दिवाळीला आणि गड्ड्याच्या जत्रेला घरी येतात. वर्गणी मात्र वेळेवर पाठवतात. त्यांना मत द्यायचं असेल तर टपाली किंवा ऑनलाइन सोय हवीच. सभा मंगळवारी संध्याकाळी ठेवून ‘जे आले त्यांचं एकमत’ म्हणणं म्हणजे या पोरांना फक्त पैशापुरतं धरणं.

‘खर्च कशाला?’

मतपत्रिका ए-फोर कागदावर चार-चार छापल्या तर दोनशे मतदारांना पन्नास कागद. मतपेटीला नव्या बुटांचं खोकं चालतं. निवडणूक अधिकारी म्हणून आपल्या कट्टर वैरी क्लबच्या मंडळातला एखादा सज्जन बोलवा. त्याला आपल्यातला कुणीच आवडत नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न मिटतो. चहा आपला.

दोन वर्षांची मुदत, एकाच पदावर सलग दोनदाच, हिशोब दर तिमाहीला ग्रुपवर, एवढंच आमचं म्हणणं आहे. मेसेज लिहिणाऱ्यालाही उभं राहता येईल. सूचक मिळत नसेल तर मला फोन करा, अर्जावर सही मी करतो. मत कुणाला देईन ते मात्र विचारू नका.