ग्वानाह्वातोला जाताय? ममींचं तिकीट काढू नका

मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो राज्याची राजधानी, नावही तेच. तिथे काय बघायचं म्हटलं की पहिलं नाव ममींच्या म्युझियमचं निघतं. मला हे अजिबात पटत नाही. त्या कुणी राजेराण्या नव्हत्या. ज्यांच्या घरच्यांना कबरीचा कर भरता आला नाही, त्यांची प्रेतं 1865 पासून दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यांतून बाहेर काढली गेली. कोरड्या, बंद जागेत ती वाळून टिकली होती. गरिबांची ही विटंबना तिकीट काढून का बघायची?

तोच वेळ जमिनीखाली घालवा. गावातून वाहणारी नदी पुरात गाव बुडवायची. 1905 चा पूर तर फारच भयंकर होता. पाणी बोगद्यातून वळवलं आणि मोकळ्या झालेल्या पात्रातून 1960 च्या दशकात रस्ता काढला. वर बघितलं की दगडी कमानी आणि त्यांवर उभी घरं दिसतात. इथे गाडी मात्र स्वतः चालवू नका. बोगद्यात जीपीएस जातं, आत फाटे फुटतात, वाटा बहुतेक एकेरी. एक फाटा चुकला की भलत्याच टेकडीवर निघता आणि सगळा फेरा पुन्हा. गाडी बाहेरच लावून चालत किंवा सिटी बसने या. थांबे बोगद्यातच आहेत, तिथून जिन्याने वर यायचं. चाकांची बॅग पायऱ्यांच्या गल्ल्यांत निरुपयोगी, पाठीवरची सॅकच बरी.

आणि निदान दोन तास आलोन्दिगा दे ग्रानादितासला द्या. हे धान्याचं सरकारी कोठार, 1809 मध्ये पूर्ण झालेलं. भिंती जाड, खिडक्या लहान आणि उंचावर, म्हणूनच मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धात, 28 सप्टेंबर 1810 ला, बंडखोर चालून आले तेव्हा स्पॅनिश अधिकारी रियान्यो चांदी आणि माणसं घेऊन आत कोंडून बसला. पाठीवर दगडी लादी बांधून, गोळ्या चुकवत बंडखोरांतल्या पिपिला नावाच्या खाणकामगाराने दार पेटवलं, असं तिथे सांगतात. आत जिन्यावर चित्रकार चावेस मोरादोची भित्तिचित्रं आहेत, ती सावकाश बघा. सोमवारी बंद असतं, तो दिवस टाळा.

पण आत शिरण्याआधी इमारतीला बाहेरून एक फेरी मारा. इदाल्गो, आयेंदे, आल्दामा, हिमेनेस: 1811 मध्ये बंडाच्या या चार पुढाऱ्यांची मुंडकी स्पॅनिश सत्तेने पिंजऱ्यांत घालून चार कोपऱ्यांवर टांगली, ती 1821 पर्यंत तिथेच होती. प्रत्येक कोपऱ्यावर त्याचं त्याचं नाव आहे. मान वर करून चारही वाचा.