‘सगळी सर्टिफिकेटं घाला’ हा सल्ला मुलांना महागात पडतो

बारावीनंतर अमेरिकेत शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक सल्ला फिरतोय: आजवरची सगळी सर्टिफिकेटं अर्जात घाला, ‘इंटरनॅशनल’ पदकं सर्वांत वर ठेवा, शाळेतली बक्षिसं गाळा, ‘एपी स्कॉलर’ (अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाच्या एपी परीक्षांवरून मिळणारा सन्मान) हवंच. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘सगळं घाला.’ कुठे घालणार? कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जात, सन्मानांसाठी पाचच रकाने आहेत आणि प्रत्येकात स्पेस धरून १०० अक्षरं मावतात. इयत्ता निवडावी लागते, तिथे नववीच्या खालचा पर्यायच नाही. म्हणजे पाचवी-आठवीची स्कॉलरशिप बाद. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावीतलं यश बाद, नववीतलं चालेल.

‘इंटरनॅशनल पदक वर.’ खरी फसगत इथे होते. खासगी ऑलिंपियाडला शाळेमार्फत फी भरून बसायचं आणि वर्गात पहिलं आलं तरी सुवर्णपदक! नाव काहीही असो, मूल पुढे आलं ते आपल्याच वर्गातून. अर्जात सन्मानाचा स्तर विचारतात. तिथे ‘आंतरराष्ट्रीय’ निवडणं म्हणजे खोटं लिहिणं, आणि माहिती खरी असल्याची हमी विद्यार्थी स्वतः देतो. उघडकीस आलं तर मिळालेला प्रवेशही जाऊ शकतो. सतरा वर्षांच्या मुलाला आपण यात का ढकलतोय? याउलट होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या गणित ऑलिंपियाडमध्ये आधी आयओक्यूएम (पात्रता परीक्षा), मग आरएमओ (प्रादेशिक), मग आयएनएमओ (राष्ट्रीय) अशी चाळणी लागते. आयएनएमओपर्यंत पोचलेल्या मुलीनं पदक नसलं तरी तेच पहिल्या रकान्यात लिहावं. किती जणांतून निवड झाली हा आकडा खात्रीनं माहीत असेल तर तोही लिहावा, कारण वाचणाऱ्याला नुसत्या नावावरून काहीच कळत नाही.

‘शाळेतली बक्षिसं गाळा.’ मग अर्जात ‘शाळा’ हा स्तर कशाला दिलाय? शाळा स्वतःची माहिती वेगळी पाठवते, त्यामुळे तुकड्या किती, विषय कोणते हे तिकडे कळतं. जीवशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलीला शाळेनं त्याच विषयाचं पारितोषिक दिलं असेल, तर ते विकतच्या पदकापेक्षा कितीतरी वजनदार.

‘एपी स्कॉलर हवंच.’ तीन एपी परीक्षांत प्रत्येकी पाचपैकी किमान तीन गुण मिळाले की ते मिळतं. गुण अर्जात वेगळे दिलेच असतील, तर दुसरा सन्मान असताना यावर रकाना खर्चू नये. दहावीच्या टक्क्यांचंही तेच.

रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. उपक्रमांसाठी वेगळे दहा रकाने आहेत आणि त्यात घरच्या जबाबदाऱ्यांचा प्रकारही आहे. आजीचं आजारपण काढणाऱ्या किंवा धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलानं ते तिथे, आठवड्याच्या तासांसह, जरूर लिहावं.