घरच्या घरी आपत्तीशिल्प

शिल्पकार व्हायला कुठल्या कलाशाळेत जायची गरज नाही. मराठवाड्यात राहता ना? मग अर्धं काम झालंय. अंगणात बघा: चार निळे ड्रम, एकाचं झाकण हरवलं म्हणून वर परात, परातीवर वीट. जिन्याखाली कळशांची उतरंड. काही हलवू नका. फक्त पाटी लावा, ‘नळ: दर दहा दिवसांनी’. याला मांडणशिल्प म्हणतात. शहरातले जाणकार ते हात मागे बांधून बघतात.

माणसांच्या आकृत्या घालायच्या असतील तर चारच घाला. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती; पाचवी बाई हंडा घेऊन आली की कलाकृतीचा गुन्हा होतो. पुढच्या महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेवढी मोठी कलाकृती तुम्हाला झेपायची नाही, नादी लागू नका.

भिंती मात्र जाड नकोत. किल्लारीकडच्या जुन्या घरांना हात-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती होत्या, वर मातीचं माळवद. ऊन आत येऊ नये, चोर आत येऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक निजले होते तेव्हा, तेच सगळं अंगावर आलं. माझी आत्या पुढे मिळालेल्या पक्क्या घरात सामान ठेवायची आणि झोपायची बाहेर, पत्र्याखाली. हे शिल्पात कसं दाखवायचं, मला सुचलेलं नाही. कुलूपबंद घर आणि बाहेर एक बाज, एवढंच ठेवा.

साठ्याचं म्हणाल तर देवगिरी बघून या. खंदक, अंधारी, मेंढ्याच्या तोंडाची तोफ. तयारीत कसूर नाही. सांगतात की १२९६ ला खिलजीचा वेढा पडला आणि रामदेवरायाच्या माणसांनी वर नेलेली पोती उघडली, तर धान्याच्या जागी मीठ. तेव्हा तुमची पोती शिवलेलीच ठेवा. उघडायचा आग्रह करणारा आपला हितचिंतक नव्हे.

उद्घाटनाला सरपंचांना बोलवा, नारळ फोडा, फोटो काढा. चहाचं तेवढं विचारू नका. डाव्या बाजूचा ड्रम उघडावा लागेल, आणि नळाला अजून सहा दिवस आहेत.